बॉयलरची गॅस लाइन: एका मिलिबारचा हिशेब

नवा बॉयलर बसवायचा ठरला की चर्चा होते ती त्याच्या किलोवॉटची, कार्यक्षमतेची आणि तो कुठे टांगायचा याची. मीटरपासून त्याच्यापर्यंत येणारी गॅसची नळी मात्र बहुधा जुनीच ठेवली जाते किंवा हाताशी असलेल्या मापाची टाकली जाते, आणि पुढे बॉयलर वारंवार बंद पडू लागला की दोष यंत्राच्या माथी मारला जातो. वास्तविक बर्नरपर्यंत गॅस पुरेशा दाबाने पोहोचला नाही, तर चांगल्यातला चांगला बॉयलरही पूर्ण ताकदीने चालू शकत नाही. ज्योत अस्थिर होते, पेटण्याचे प्रयत्न फसतात आणि ज्वलन बिघडले तर कार्बन मोनॉक्साइड तयार होण्याचा धोका उभा राहतो. गॅसचे काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते. पण नळीचे माप कशावरून ठरते आणि जोडणीपूर्वीची प्रत्येक पायरी कशासाठी असते, हे वापरणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. त्याशिवाय काम नीट झाले की उरकले गेले हे त्याला ओळखता येत नाही.

घरगुती नैसर्गिक वायूची लाइन अनेक देशांत मीटरच्या रेग्युलेटरनंतर, म्हणजे दाब उतरवून स्थिर ठेवणाऱ्या साधनानंतर, सुमारे 20 ते 21 मिलिबार दाबावर चालते. वातावरणाचा दाब साधारण 1013 मिलिबार असतो, म्हणजे नळीतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम दोन टक्के अधिक दाबाखाली असतो. पाणी भरलेल्या यू आकाराच्या मॅनोमीटरवर हा दाब डोळ्यांनी पाहता येतो: 21 मिलिबारला दोन्ही बाजूंच्या पाण्यात सुमारे 21 सेंटीमीटरचा फरक दिसतो आणि एक मिलिबार म्हणजे जवळपास एक सेंटीमीटर. ब्रिटिश नियमावलीप्रमाणे मीटरपासून उपकरणापर्यंत नैसर्गिक वायूच्या घरगुती लाइनमध्ये यांतला एकच मिलिबार खर्च करण्याची मुभा असते. उत्तर अमेरिकेत नळीचे माप ठरवताना बहुधा अर्धा इंच पाण्याची घट धरतात, म्हणजे सव्वा मिलिबार. सगळा हिशेब या सेंटीमीटरभर पाण्यात बसवायचा असतो.

ही घट होते कशी? गॅस स्थिर असेपर्यंत नळीच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच असतो. बर्नर पेटून गॅस वाहू लागला की नळीच्या भिंतीशी होणारे घर्षण दाब खाऊ लागते. एकाच टाकीवरचे दोन नळ असले आणि एक पूर्ण सोडला की दुसऱ्याची धार बारीक होते, तोच प्रकार इथे घडतो. नळीची लांबी दुप्पट झाली तर घट दुप्पट होते. गॅसचा प्रवाह दुप्पट झाला तर ती ढोबळमानाने चौपट होते. आणि नळीचा आतला व्यास वाढवला तर ती त्या व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात कमी होते. हा पाचवा घात फार महत्त्वाचा आहे. बाहेरून 15 मिलिमीटरची तांब्याची नळी आतून सुमारे 13.6 मिलिमीटर असते आणि 22 मिलिमीटरची आतून सुमारे 20.2. व्यासातला फरक दीडपटीचा, पण तेवढ्याच घटीत दुसरी नळी पहिलीच्या सुमारे पावणेतीन पट गॅस वाहून नेते. म्हणूनच नळी नजरेने जोखून चालत नाही. कोणत्या मापाची नळी किती लांबीवर किती गॅस नेते, हे सांगणारे कोष्टक उघडावेच लागते.

कोष्टकात शिरण्यासाठी आधी बॉयलरची भूक किलोवॉटमधून घनमीटरमध्ये आणावी लागते. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमध्ये, ढोबळ उष्मांक मूल्य धरले तर, सुमारे 10.5 किलोवॉट-तास ऊर्जा असते. समजा बॉयलर पाण्याला 30 किलोवॉट उष्णता देतो आणि त्याची कार्यक्षमता 90 टक्के आहे. तर त्याला आत 33.3 किलोवॉट द्यावे लागतात आणि त्यासाठी ताशी सुमारे 3.2 घनमीटर गॅस लागतो. इथे दोन ठिकाणी घसरण होते. पहिली अशी की पाणीही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरचा गरम पाण्याचा आकडा खोल्या तापवण्याच्या आकड्यापेक्षा बराच मोठा असू शकतो, आणि माप नेहमी मोठ्या आकड्यावरून काढायचे असते. दुसरी अशी की नामपट्टीवरचा आकडा ढोबळ मूल्यावर आहे की निव्वळ मूल्यावर, हे पाहिले जात नाही. ज्वलनात तयार होणाऱ्या वाफेची उष्णता ढोबळ मूल्यात धरलेली असते, निव्वळ मूल्यात नसते, आणि नैसर्गिक वायूत या दोहोंत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. दोन्ही बाजूंना एकच पद्धत वापरली म्हणजे झाले.

लांबीचाही हिशेब आहे. नळीच्या प्रत्येक वळणावर गॅस घुसळला जातो, त्यामुळे एका एल्बोला सुमारे अर्धा मीटर सरळ नळीइतके धरण्याची पद्धत आहे. टी आकाराच्या जोडातून आडवे वळणाऱ्या प्रवाहालाही तसेच मोजतात. समजा मीटरपासून बॉयलरपर्यंत नऊ मीटर नळी आहे आणि वाटेत सहा एल्बो आहेत. हिशेबाची लांबी बारा मीटर झाली. एक मिलिबार घटीच्या कोष्टकात बारा मीटरसमोर 15 मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीला ताशी सुमारे 1.3 घनमीटर मिळतात, 22 ला सुमारे 3.9 आणि 28 ला सुमारे 8. आपल्याला 3.2 हवे आहेत, म्हणजे 22 मिलिमीटर पुरते. 15 मिलिमीटरची नळी ठेवली असती तर पूर्ण भारावर चार मिलिबारांहून अधिक दाब वाटेतच संपला असता.

आता त्याच लाइनवर मध्यावर 10 किलोवॉटची शेगडी जोडलेली आहे असे धरू. पहिल्या सहा मीटरमधून दोघांचा मिळून ताशी 4.1 घनमीटर गॅस जाणार आणि उरलेल्या सहा मीटरमधून फक्त बॉयलरचा 3.2. सगळी नळी 22 ची ठेवली तर घट मर्यादेच्या जवळ, सुमारे 0.9 मिलिबारवर जाते आणि पुढे काही वाढवायला फारशी जागा उरत नाही. सामाईक भाग 28 चा केला तर त्यात सुमारे 0.15 मिलिबार खर्च होतात, पुढच्या 22 च्या भागात सुमारे 0.35, एकूण अर्धा मिलिबार. सगळी नळी बदलावी लागत नाही, मीटरकडचा भाग मोठा केला की पुष्कळ काम भागते. जुन्या घरात बॉयलर मोठा करताना कारागीर हा भाग मोजतो का, हे मी सर्वांत आधी पाहीन. कारण बॉयलरच्या जवळची दोन मीटर नळी मोठी करून मागची बारीकच ठेवणे हा दिसायला नीट आणि हिशेबात निरुपयोगी उपाय आहे.

प्रोपेनवर चालणाऱ्या बॉयलरचे गणित वेगळे असते. प्रोपेनच्या एका घनमीटरमध्ये नैसर्गिक वायूच्या जवळपास अडीचपट ऊर्जा असते, त्यामुळे तेवढ्याच किलोवॉटला ताशी सुमारे 1.3 घनमीटर पुरतात. मात्र प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. गळती झाली तर नैसर्गिक वायूसारखा तो वर उडून जात नाही. तळघरात, गटारात, जमिनीलगतच्या खळग्यात साचून राहतो. एका गॅससाठी जुळवलेला बर्नर दुसऱ्यावर चालवायचा तर उत्पादकाने त्या बॉयलरसाठी ठरवून दिलेल्या पद्धतीनेच तो बदलावा लागतो.

कारखान्यातल्या वाफेच्या बॉयलरला हेच तत्त्व मोठ्या आकड्यांत लागू होते. तासाला एक टन वाफ देणाऱ्या बॉयलरला ताशी साधारण 70 घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. इतका गॅस 21 मिलिबारवर आणायचा तर नळी अवाढव्य होईल, म्हणून तो जास्त दाबाने आणतात आणि बर्नरजवळ रेग्युलेटरने उतरवतात. वातावरणापेक्षा 2 बार जास्त दाबावर त्याच गॅसला एक तृतीयांश जागा पुरते. तिथे बर्नरच्या अलीकडे फिल्टर, रेग्युलेटर, दाब फार कमी किंवा फार जास्त झाल्यास बर्नर थांबवणारे स्विच आणि एकापाठोपाठ एक अशा दोन स्वयंचलित बंद होणाऱ्या झडपा असतात, म्हणजे एक झडप अडकली तरी दुसरी गॅस रोखते.

माप ठरले की नळी कापण्याची वेळ येते, आणि निष्काळजीपणा सर्वांत महाग पडतो तो इथे. धातूची जुनी गॅस लाइन कापण्याआधी, जिथे तोडायची त्या जागेच्या दोन्ही बाजूंना जाड तांब्याची तार क्लिपांनी जोडून तात्पुरता विद्युत सांधा करावा लागतो. घरातल्या एखाद्या सदोष उपकरणाचा गळका विद्युतप्रवाह गॅसच्या नळीतून जमिनीकडे वाहत असेल, तर नळी तुटते त्या क्षणी दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, आणि नळीत गॅसचा अंश उरलेला असेल तर तेवढे पुरे होते. तार आधी जोडायची, मग कापायचे, आणि नळी पुन्हा अखंड झाल्यावरच तार काढायची, हा क्रम बदलायचा नाही. याच कारणाने धातूची गॅस लाइन इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी कायमची जोडलेली असावी लागते. पण गॅसच्या नळीलाच अर्थिंग म्हणून वापरणे कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

कापलेल्या नळीच्या आतल्या कडेला कटरने धातूची बारीक वळी उठते. ती रीमरने, म्हणजे कड घासून काढणाऱ्या हत्याराने, काढली नाही, तर नेमके तोंडाशी छिद्र अरुंद होते, आणि व्यासाचा पाचवा घात आठवला तर त्या मिलिमीटरभर वळीचे वजन लक्षात येते. काढताना नळीचे तोंड खाली धरायचे, म्हणजे कीस आत जात नाही. आत राहिलेला कीस, गंजाचे पापुद्रे, सोल्डरचे थेंब गॅसबरोबर वाहत जाऊन बॉयलरच्या गॅस व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत किंवा बैठकीत (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या जागी) अडकतात, आणि बैठकीत अडकलेला एक कण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाही. म्हणून बॉयलर जोडण्याआधी लाइन हवेने किंवा नायट्रोजनने फुंकून साफ करतात. अनेक ठिकाणी उपकरणाच्या ठीक अलीकडे उभ्या टीच्या खालच्या तोंडाला बंद टोकाचा छोटा तुकडा ठेवण्याची पद्धत आहे; जड कण आणि ओल त्यात पडून राहते.

आट्यांच्या जोडाला गॅससाठी प्रमाणित टेप किंवा पेस्टच वापरावी. पाण्याच्या कामाची पातळ टेप इथे चालत नाही. बॉयलरच्या शेजारी हात सहज पोहोचेल अशा जागी बंद करण्याचा व्हॉल्व्ह असावा. भिंतीतून नळी नेताना तिला अखंड बाहेरच्या नळीत घालतात, भिंतीच्या आत एकही जोड ठेवत नाहीत आणि ती बाहेरची नळी आतल्या बाजूने बंद, बाहेरच्या बाजूने उघडी ठेवतात, म्हणजे गळलेला गॅस पोकळीत न साचता बाहेर पडतो. ब्रिटिश नियमावलीत विजेच्या तारांपासून 25 मिलिमीटर आणि विजेच्या मीटरपासून वा स्विचपासून 150 मिलिमीटर अंतर सांगितले आहे. जिथे काम होणार तिथला नियम काय म्हणतो, ते अंतर पाळायचे.

यानंतर गळतीची चाचणी. ती हवेने किंवा नायट्रोजनने करतात, ऑक्सिजनने कधीच नाही. ब्रिटिश पद्धतीत छोट्या घरगुती लाइनला चालू दाबाइतकाच दाब देऊन एक मिनिट स्थिर होऊ देतात आणि पुढची दोन मिनिटे निरीक्षण करतात; नव्या नळीत मॅनोमीटरवर घट दिसताच कामा नये. उत्तर अमेरिकेत किमान 3 पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे 0.2 बार दाब देतात. हा दाब बॉयलरच्या गॅस व्हॉल्व्हला सोसणारा नसतो, म्हणून चाचणीपूर्वी उपकरण लाइनपासून वेगळे करावे लागते.

या चाचणीत तापमान फार फसवते. बंद नळीतल्या हवेचा एकूण दाब तिच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. 20 अंशांवर एक अंश फरक पडला तर दाब सुमारे साडेतीन मिलिबारने सरकतो. आपण शोधतो आहोत ती घट याच्या अंशभर असते. नळी नुकतीच सोल्डर केलेली असेल तर ती थंड होताना दाब पडतो आणि नसलेली गळती दिसते. उलट चाचणी चालू असताना नळीवर ऊन आले तर हवा तापून दाब वाढतो आणि खरी गळती झाकली जाते. म्हणून नळी आजूबाजूच्या तापमानाला येऊ देणे आणि चाचणीच्या काळात तिला हात न लावणे, या दोन्ही गोष्टी चाचणीइतक्याच गंभीरपणे घ्याव्यात. जोडांवर गळती शोधण्याचे खास द्रव लावतात. अमोनिया असलेला साबण पितळेला आणि क्लोराइड असलेला स्टेनलेस स्टीलला चिरा पाडू शकतो, म्हणून घरातला कुठलाही साबण चालतो असे समजू नये. काडी किंवा लायटर पेटवून गळती शोधणे हा तर थेट स्फोटाचा मार्ग आहे.

चाचणी झाली तेव्हा नळी हवेने भरलेली असते. आता तीत गॅस आणून हवा बाहेर काढायची, आणि माझ्या मते साऱ्या कामातला सर्वांत धोकादायक टप्पा हाच आहे. नैसर्गिक वायू हवेत साधारण 5 ते 15 टक्के असला की पेट घेतो. शून्यापासून शंभर टक्क्यांकडे जाताना नळीतले मिश्रण या पट्ट्यातून जाणारच, प्रश्न एवढाच असतो की ते कुठे सोडले जाते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्नर इथे 9 जून 2009 रोजी कॉनॅग्रा कंपनीच्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गॅसवर चालणारा नवा वॉटर हीटर बसवताना लाइनमधली हवा आणि गॅस इमारतीच्या आतच सोडला गेला. स्फोटात छत कोसळले आणि चार कामगार मृत्युमुखी पडले. काही महिन्यांतच, 7 फेब्रुवारी 2010 रोजी, कनेक्टिकटमधल्या मिडलटाउन इथे क्लीन एनर्जी या बांधकाम चालू असलेल्या वीज प्रकल्पात नळ्यांतला कचरा नैसर्गिक वायूच्याच झोताने उडवताना सहा जण ठार झाले. या दुर्घटनांनंतर तिथे अशा कामांसाठी एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचे एनएफपीए 56 हे स्वतंत्र मानक तयार झाले.

या पार्श्वभूमीवर नियम कळतो. लाइनमधली हवा नळीने इमारतीबाहेर, खिडक्या आणि ठिणगीच्या जागांपासून दूर, मोकळ्यावर सोडायची. तोंडाशी गॅस मोजणारे उपकरण धरायचे. मोठ्या लाइनमध्ये मधे नायट्रोजन भरायचा, म्हणजे हवा आणि गॅस एकमेकांना भेटतच नाहीत. नाकावर विसंबायचे नाही. गॅसला वास मिसळण्याची सक्ती 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथे शाळेखाली साचलेल्या वासरहित गॅसचा स्फोट होऊन सुमारे 300 जण, बहुतेक विद्यार्थी, मेल्यानंतर आली, आणि तिने पुढे असंख्य जीव वाचवले. पण नव्या पोलादी नळीच्या आतल्या पृष्ठभागात हा वास काही काळ शोषला जातो, आणि थोडा वेळ वास येत राहिला की माणसाचे नाकही बधिर होते. नवी लाइन सुरू करताना हे दोन्ही एकत्र घडू शकते.

शेवटी बॉयलर पेटवून मोजणी करायची. गॅस थांबलेला असताना बॉयलरपाशी 21 मिलिबार दिसले म्हणून नळी पुरेशी आहे असे ठरत नाही. सुतळीएवढ्या नळीतही स्थिर दाब तितकाच दिसेल. बॉयलर कमाल भारावर चालवून, शेगडीसकट लाइनवरची इतर सगळी उपकरणे पेटवून, मीटरच्या पुढच्या आणि बॉयलरच्या प्रवेशावरच्या चाचणी-तोंडांवर एकाच वेळी दाब वाचायचा. दोहोंतला फरक हीच लाइनची खरी घट. ही मोजणी गाळली गेली तर दोष उन्हाळ्यात लपून राहतो, कारण बॉयलर तेव्हा कमी भारावर चालतो, आणि सर्वांत थंड सकाळी, सगळे एकाच वेळी गॅस वापरत असताना तो उघडा पडतो. त्याच वेळी मीटरवरून प्रवाहही ताडून पाहता येतो: आपल्या उदाहरणातला बॉयलर एकटा पूर्ण भारावर चालत असेल तर दोन मिनिटांत सुमारे 106 लिटर गॅस जायला हवा. त्याहून बराच कमी जात असेल तर दाब, व्हॉल्व्ह किंवा बर्नर यांपैकी काहीतरी बिघडलेले आहे. मग धुरातला कार्बन मोनॉक्साइड विश्लेषकाने मोजायचा, कारण त्याला रंग नसतो आणि वासही नसतो.

हे सगळे आकडे, म्हणजे स्थिर दाब, चालू दाब, चाचणीचा काळ, प्रवाह आणि धुराचे मापन, नळीच्या आकृतीसह लिहून बॉयलरच्या कागदांत ठेवावेत, कारण पुढे लाइनवर काही वाढवायचे झाले की हिशेब तिथूनच सुरू होतो. आपल्या उदाहरणातल्याच घरात उद्या 20 किलोवॉटचे आणखी एक गॅसचे उपकरण बसवले, तर एकूण मागणी 63 किलोवॉटवर, म्हणजे ताशी 6 घनमीटरवर जाते. अनेक घरांत असलेल्या जी 4 प्रकारच्या मीटरची कमाल क्षमता तेवढीच असते, त्यामुळे तेव्हा नळीच्या मापाला हात घालण्याआधी पुरवठादाराकडे मोठा मीटर मागावा लागतो.